पाठीशी ऑफिस नसताना

३१ मार्च २०१६ हा पुण्यातल्या एका कंपनीतला माझा शेवटचा दिवस. लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली असं एकेक परत केलं, दोन-तीन सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसून पूर्णवेळ भाषांतराचं काम सुरू केलं. मेडिक्लेमचं कार्ड मात्र कुणी परत मागितलं नाही. माझं, नवऱ्याचं आणि मुलीचं नाव असलेलं ते कार्ड पाकिटात तसंच राहिलं. नोकरी संपली तसं तेही संपलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी पुढचे सोळा महिने मी काहीच केलं नाही. हातात काम होतं, घरात सगळे धडधाकट होते, आणि ‘या महिन्यात बघू’ म्हणता म्हणता महिने जात राहिले.

ऑगस्ट २०१७ मध्ये नवऱ्याला डेंगू झाला. तोही माझ्यासारखाच स्वतंत्र काम करणारा, कॅमेरामन. प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि पाच दिवस ॲडमिट राहावं लागलं. काउंटरवर “मेडिक्लेम आहे?” असं विचारलं. मी “नाही” म्हटलं आणि वीस हजार डिपॉझिट भरलं. शेवटी बिल झालं ६२,००० रुपये. मुलीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून ते भरलं.

त्या ऑक्टोबरात पहिली पॉलिसी घेतली. पुढे ती बदलली, तिला दुसरी जोडली, दोन मोठे क्लेम पार पाडले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. नोकरीत असताना कंपनी आपला हप्ता भरते, एवढंच आपल्याला दिसतं. पण तिथे कुणीतरी आपल्यासाठी अटी वाचलेल्या असतात, सवलती मागून घेतलेल्या असतात आणि क्लेम अडकला तर फोन करणारं माणूस असतं. स्वतंत्र काम करणाऱ्याला हप्त्याबरोबर हे कामही अंगावर घ्यावं लागतं. ते घेतलं तरच मेडिक्लेम खऱ्या अर्थानं परवडतो. माझ्यापुरते त्याचे हे दहा धडे.

१. नोकरी सोडण्याआधीच एचआरला एक प्रश्न विचारा

“कंपनीची ही ग्रुप पॉलिसी मला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येईल का?” तो प्रश्न असा. अशी सोय नियमांत आहे. विमा कंपनी नव्यानं तपासणी करू शकते आणि हप्ता वेगळा लावू शकते, पण ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षं तुमच्या प्रतीक्षा काळात, म्हणजे काही आजारांचे पैसे मिळण्याआधी थांबाव्या लागणाऱ्या काळात, धरली जातात. माझी चार वर्षं होती. मी विचारलं नाही, म्हणून ती चारही वर्षं वाया गेली आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली. राजीनामा देण्याचं ठरवलं की त्याच आठवड्यात ही विचारणा लेखी करा. शेवटच्या दिवशी सह्यांच्या गडबडीत हे सुचत नाही.

२. गरज नसेल तेव्हाच घ्या

पॉलिसी घेतली की लगेच सगळं मिळतं, असं नसतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून बहुतेक कशाचेच पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, खडे अशा ठरावीक आजारांसाठी साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी बऱ्याचदा त्याहून जास्त. या थांबण्याची कमाल मर्यादा पूर्वी ४ वर्षं होती. विमा नियामकानं, म्हणजे ‘आयआरडीएआय’नं, २०२४ मध्ये ती ३ वर्षांवर आणली.

म्हणजे आज भरलेला हप्ता हा खरं तर दोन-तीन वर्षांनंतरच्या आजारपणाची तयारी असतो. तिशीत, कुठलीही गोळी चालू नसताना पॉलिसी घेणाऱ्याचं हे थांबणं त्याच्या नकळत संपून जातं. दुखणं सुरू झाल्यावर धावणाऱ्याला मात्र पूर्ण हप्ता भरून अर्धंच संरक्षण मिळतं.

३. आजार लपवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी

अर्ज भरताना एजंट मला म्हणाले, “मॅडम, थायरॉइडचं लिहू नका. साधी गोळी आहे, उगाच फाइल अडकेल.” मी लिहिलं. फाइल दहा दिवस अडकली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइडशी संबंधित उपचारांना चार वर्षांची अट लागली आणि पॉलिसी मिळाली.

त्याच सुमारास माझ्या एका छायाचित्रकार मित्रानं रक्तदाबाची गोळी लपवली. तिसऱ्या वर्षी छातीत दुखू लागलं म्हणून तो दाखल झाला. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यानं साहजिकच खरं सांगितलं. केसपेपरवर ‘सहा वर्षांपासून रक्तदाब’ असं उमटलं आणि क्लेम नामंजूर झाला. बिल त्याला भरावं लागलंच, शिवाय पॉलिसीही गेली. दोन्ही नुकसानं त्यानं भोगली. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाचं त्यात काहीच गेलं नाही.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून कंपनीला जुन्या माहितीवर बोट ठेवता येत नाही, असा नियम आता आहे. पण त्याच्या भरवशावर लपवाछपवी करू नका. पाच वर्षं कुणाचं शरीर कसं वागेल, हे कुणाच्या हातात असतं? अर्ज दुसऱ्यानं भरला असेल तर सही करण्याआधी ओळ न् ओळ स्वतः वाचा.

४. हप्ता बघण्याआधी खोलीभाडं बघा

मला सगळ्यात महाग पडलेला धडा हा आहे.

आमची पहिली पॉलिसी ३ लाखांची होती. बाकीच्यांपेक्षा तिचा हप्ता वर्षाला चारेक हजारांनी कमी होता, म्हणून ती निवडली. खोलीभाड्याची मर्यादा होती विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ३,००० ची खोली रिकामी नव्हती, म्हणून ५,००० ची घेतली. मनाशी हिशेब केला: दिवसाला दोन हजारांचा फरक, तीन दिवसांचे सहा हजार आपण भरू.

हिशेब तसा नसतो. हॉस्पिटलात सर्जनची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, थिएटरचं भाडं, नर्सिंग हे सगळं खोलीच्या दर्जाप्रमाणे चढत जातं. म्हणून मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, की विमा कंपनी या सगळ्याच खर्चाला त्याच प्रमाणात कात्री लावते. पाचाच्या जागी तीन, म्हणजे ६० टक्के. माझं बिल होतं १,३८,०००. त्यातले खोली, डॉक्टर, थिएटर आणि नर्सिंगचे १,००,०००; त्याचे मिळाले ६०,०००. औषधं आणि तपासण्यांचे ३८,०००. त्यातून हातमोजे, मास्क अशा न मिळणाऱ्या वस्तूंचे ६,००० गेले. हातात आले ९२,००० आणि खिशातून गेले ४६,०००, त्यातले ४०,००० केवळ खोलीपायी. कमी हप्त्यामुळे तोवर पाच हप्त्यांत मी वाचवले होते वीस हजार.

तेव्हापासून मी पॉलिसी बघायची सुरुवात घराजवळच्या दोन हॉस्पिटलांपासून करते. तिथे फोन करून विचारायचं: सिंगल खोलीचं दिवसाचं भाडं किती? ते भाडं पॉलिसीत बसत नसेल, तर हप्ता कितीही कमी असला तरी ती पॉलिसी आपल्यासाठी स्वस्त नाही. हॉस्पिटल कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनी परस्पर बिल भरते त्या, यादीत आहे ना, हेही त्याच फोनवर विचारून घ्यायचं.

५. तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी

दहा पॉलिसींचे हप्ते एका कागदावर मांडून काही कळत नाही, कारण प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. बजेट खरोखर कमी असणाऱ्यांनी ‘आरोग्य संजीवनी’पासून बघायला सुरुवात करावी. १ एप्रिल २०२० पासून आलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे. कुठल्याही कंपनीची घेतली तरी मूळ अटी त्याच, म्हणून तुलना फक्त हप्त्याची आणि सेवेची उरते. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत: खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,०००; आणि प्रत्येक क्लेममधले ५ टक्के आपले. मोठ्या शहरातल्या महागड्या हॉस्पिटलात ती कमी पडेल. तालुक्याच्या किंवा लहान जिल्ह्याच्या ठिकाणी राहून काम करणाऱ्याला ती पुरेशी ठरू शकते.

बँकेच्या खातेदारांसाठी असलेल्या स्वस्त ग्रुप योजनाही समोर येतात. काहीच नसण्यापेक्षा त्या बऱ्या. पण ती योजना पुढच्या वर्षी ठेवायची की नाही, हे बँक आणि विमा कंपनी ठरवतात, आपण नाही. म्हणून स्वतःच्या नावाची एक पॉलिसी असावीच, भले ती लहान असो.

६. मोठं संरक्षण दोन थरांत घ्या

२० लाखांची एकच पॉलिसी आम्हाला परवडत नव्हती. मग ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर १५ लाखांचा सुपर टॉप-अप, असे दोन थर केले. सुपर टॉप-अप म्हणजे वर्षातला पहिला ५ लाखांचा खर्च तुमचा किंवा मूळ पॉलिसीचा, त्यापुढचा त्याचा. इतका मोठा खर्च क्वचितच होतो, म्हणून त्याचा हप्ता कमी असतो. आमच्या मूळ पॉलिसीचा हप्ता २६,००० आणि १५ लाखांच्या सुपर टॉप-अपचा फक्त ५,५००.

नुसता ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ यांत गल्लत करू नका. टॉप-अपला एकाच आजारपणाचा खर्च ५ लाखांवर जावा लागतो. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातल्या सगळ्या आजारपणांची बेरीज धरतात. वर्षात तीनदा दाखल व्हावं लागलेल्या माणसाला हा फरक फार मोठा पडतो.

७. पॉलिसी पटली नाही तर सोडू नका, पोर्ट करा

ऑपरेशनच्या अनुभवानंतर मी रागानं पॉलिसी बंदच करणार होते. एका ओळखीच्या ताईंनी थांबवलं आणि पोर्ट करायला सांगितलं. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस अर्ज केला, तर दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं आणि जुन्या विमा रकमेपुरती थांबण्याची वर्षं सोबत येतात. वाढवलेल्या रकमेला मात्र अटी नव्यानं लागतात. नवी कंपनी अर्ज नाकारूही शकते, म्हणून तिचा होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसीत गेलो. थायरॉइडची माझी चार वर्षं भरली होती. ती तशीच धरली गेली.

८. आईवडिलांचा विचार वेगळा करा आणि सरकारी योजनेची कार्डं काढून ठेवा

कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. सत्तरीतल्या वडिलांचं नाव त्यात घातलं तर सगळ्यांचाच हप्ता चढतो आणि त्यांच्या एका आजारपणात सगळ्यांची रक्कम संपू शकते. त्यांची पॉलिसी वेगळीच असावी.

आणि ती मिळत किंवा परवडत नसेल, तर? माझे वडील साताऱ्याला असतात, वय ७४. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतचं ‘वय वंदना’ कार्ड सुरू झालं. आधार कार्डावर ते निघतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या हॉस्पिटलांत मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आहे. पांढरं रेशनकार्ड असलं तरी. मर्यादा दीड लाखांवरून ५ लाखांवर नेली आहे. ठरावीक उपचार आणि ठरावीक हॉस्पिटलं ही तिची चौकट. आमच्यासारख्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. ते आपल्यासाठीही आहे. रेशनकार्डावरची नावं आणि आधारवरची नावं जुळतात का, हे निवांत असताना तपासा. अपघात विभागाबाहेर उभं राहून ती जुळवता येत नाहीत.

९. हप्त्याचे पैसे आधी बाजूला, आणि बुडालेल्या कामाचेही

आमचं उत्पन्न महिन्याला ठरलेलं नसतं. प्रकाशकाकडून किंवा एजन्सीकडून आलेल्या प्रत्येक मानधनातले ५ टक्के मी त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकते. मोठं असो वा लहान. ऑक्टोबरमध्ये नूतनीकरणाची तारीख येते तेव्हा पैसे तिथे असतात. तारीख चुकली तर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण तीही हुकली तर मिळवलेली सगळी वर्षं जाऊ शकतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. आमच्या दोन्ही हप्त्यांच्या मिळून ३१,५०० रुपयांवर तो ५,६७० रुपये होता. तुमच्या नूतनीकरणाच्या कागदावर मूळ हप्ता किती वाढवलाय, तेही मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवून बघा. आयकरातली मेडिक्लेमच्या हप्त्याची वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडली असेल तर ती हिशेबात धरू नका.

मेडिक्लेम बिल भरतो, बुडालेलं काम भरत नाही. २०२४ मध्ये शूटिंगच्या जागी पायरीवरून घसरून नवऱ्याचा घोटा मोडला. ऑपरेशनचं बिल कॅशलेसमध्ये गेलं. पण पुढचे नऊ आठवडे त्याला कॅमेरा उचलता आला नाही, आणि आम्हाला आजारपणाची पगारी रजा नसते. वैयक्तिक अपघात विम्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर आठवड्याला ठरावीक रक्कम देण्याची सोय घेता येते. ती आमच्याकडे होती, म्हणून घराचा हप्ता चुकला नाही. हातानं, पायानं, डोळ्यांनी कमावणाऱ्या प्रत्येकानं मेडिक्लेमच्या जोडीला हा विमा घ्यावा. सोबत तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, कारण आजारपणात अपघाताचा विमा कामी येत नाही.

१०. दवाखान्यात एक जण रुग्णापाशी, एक जण कागदांपाशी

ठरवून ऑपरेशन असेल तर कंपनीला दोन दिवस आधी कळवायचं, तातडीचं असेल तर २४ तासांच्या आत. बहुतेक पॉलिसींत हेच लिहिलेलं असतं. टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारी संस्था; हॉस्पिटलातल्या तिच्या डेस्कवरचा अर्ज भरल्यावर त्याचा फोटो काढून ठेवायचा. २०२४ च्या नियमानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. डेस्कवर हे नम्रपणे, पण वेळ सांगून आठवून द्यायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केसपेपरवरचा पूर्वेतिहास वाचायचा. माझ्या ऑपरेशनच्या वेळी ‘तीन महिन्यांपासून त्रास’ या जागी घाईत ‘तीन वर्षांपासून’ लिहिलं गेलं होतं. नवऱ्यानं ते वाचलं आणि डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लगेच दुरुस्त करून सही केली. तो एक शब्द तसाच राहिला असता, तर माझे खडे पॉलिसीच्या काळातच झालेले आहेत हे मला सिद्ध करत बसावं लागलं असतं.

आणि क्लेम नाकारला किंवा जास्त कापला, तर आधी लेखी कारण मागा. घोट्याच्या ऑपरेशनच्या बिलात ११,००० रुपये चुकीनं कापले होते. पॉलिसीतल्या कलमाचा आकडा देऊन मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं; बाविसाव्या दिवशी पैसे जमा झाले. तिथे दाद लागली नाही, किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

दर ऑक्टोबरात एक संध्याकाळ आम्ही दोघं या कामासाठी राखतो. दोन्ही पॉलिसी काढतो, जवळच्या हॉस्पिटलांत खोलीचे दर विचारतो, मुलीला फाइल कुठे आहे ते पुन्हा दाखवतो. ती आता चौदा वर्षांची आहे; मागच्या वर्षीपासून टीपीएचा नंबर तिच्याही फोनमध्ये आहे.

परवा एका चित्रकार मुलीचा फोन आला. सव्वीस वर्षांची, नुकतीच नोकरी सोडलेली. “ताई, सगळ्यात स्वस्त मेडिक्लेम कुठला?” मी तिला पॉलिसीचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, “तुझ्या घराजवळच्या हॉस्पिटलात सिंगल खोलीचं भाडं किती आहे, ते आज विचार. आणि जुन्या एचआरला उद्याच्या उद्या मेल कर.” संध्याकाळी तिचा मेसेज आला: ‘साडेचार हजार. मेल पाठवला.’ मग आम्ही पॉलिसी बघायला बसलो.